माठावरचं फडकं

शनिवारी जेवणं उरकली की माझे बाबा माठाच्या तोंडावर फडकं बांधायचे. धूळ पडू नये म्हणून झाकतात तसं नव्हे. सुतळीनं आवळून, वर गाठ मारून. पाणी प्यायचा पितळी गडवा उचलून स्वतःच्या उशाशी ठेवायचे. मग आम्हां सगळ्यांकडे एकदा बघायचे, जणू घरात चोर जमा झालेत.

नागपूरचा मे महिना ज्यानं अंगावर काढलाय त्यालाच यातली गंमत कळेल. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर वाफा सोडायच्या. घसा असा सुकायचा की थुंकी गिळायची म्हटलं तरी दुखायचं. आणि घरात भरलेला माठ, आत वाळा टाकलेलं गार पाणी, नि त्याच्या तोंडाला कुलूप! मी खाटेवर पडून त्या माठाचा वास घ्यायची. बाबांवर असा संताप यायचा की काय सांगू.

आम्ही कॅथलिक. धर्म आजोबांनी घेतला, आम्ही त्यातच जन्मलो. आमच्यात रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या उपासनेला, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, आणि पाद्री जिभेवर पवित्र भाकर ठेवतात. भाकर म्हणजे कागदासारखा पातळ, पांढरा तुकडा. पण आमच्या श्रद्धेनं तो साक्षात प्रभू. त्याला कम्युनियन म्हणतात. त्या काळी नियम असा होता, की ज्याला कम्युनियन घ्यायची त्यानं आदल्या मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, प्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. प्रभू पोटात जाणार, त्याच्या आधी दुसरं काही जायला नको, एवढा साधा त्याचा अर्थ. नियमात मला आजही काही वावगं दिसत नाही. पाहुणा येणार म्हणून आपण अंगण झाडतोच की.

पण माझे बाबा घड्याळजी होते, तिथं सगळं बिनसलं.

नागपुरातल्या सदर भागात त्यांचं लहानसं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर साहेबांची नि वकिलांची घड्याळं उघडून बसायचे. त्या वेळी गावात दोन वेळा चालायच्या. एक रेल्वेची आणि एक जुन्या लोकांची, सूर्याची. दोन्हींत थोडं अंतर असायचं. आता मध्यरात्र कोणती धरायची? साधा माणूस म्हणेल, धरा कोणतीही. बाबांनी जी आधी होते ती धरली. मग त्यांच्या मनात आलं, घड्याळ मागं पडलं असलं तर? म्हणून आणखी तासभर आधी. मग वाटलं, जेवणाचं शीत दाढेत अडकून राहिलं आणि मध्यरात्रीनंतर गिळलं गेलं तर? असं करत करत मध्यरात्र सरकत सरकत आमच्या जेवणाच्या ताटाला येऊन भिडली. हा नियम पाद्रीबाबांनी केलेला नव्हता, रोमहूनही आलेला नव्हता. तो सदरातल्या दुकानात तयार झाला होता.

माय चिडायची. माझी माय अंगठाबहाद्दर, पण जिभेला धार. म्हणायची, "साऱ्या गावाची घड्याळं नीट करता, अन् घरातलं येक घड्याळ रोज पुढं सरकवून राह्यले. काहून?"

बाबा शांतपणे म्हणायचे, "शंका नको वं राहायले. देवाच्या बाबतीत शंका नको."

एवढं करून ते स्वतः कम्युनियन घेत असतील असं कोणालाही वाटेल. अहो, तिथंच तर सगळं दुखणं होतं! आम्हां सगळ्यांना पहाटे उठवून चर्चला न्यायचे आणि स्वतः अगदी शेवटच्या बाकावर गुडघे टेकून बसायचे. लोक उठून कठड्याकडं जायचे. बाबा जागचे हलायचे नाहीत. सकाळी चूळ भरताना एखादा थेंब घशाखाली गेला असेल. वाटेत टांग्याची धूळ तोंडात गेली असेल. आदल्या दिवशी पाद्रीबाबांपुढच्या पापनिवेदनात काही सांगायचं राहिलं असेल. काही ना काही निघायचंच. वर्षातून एकदा ईस्टरला कम्युनियन घेणं सक्तीचं होतं, तेवढी घ्यायचे. तीही शेतसारा भरायला गेल्यासारखी. आणि नंतर आठवडाभर तोंड पाडून, आपण अपात्र असताना घेतली म्हणून कुढत बसायचे.

गावात मात्र त्यांचं नाव फार. शेवटच्या बाकावर छाती पिटत बसलेला माणूस बघून लोक म्हणायचे, काय नम्रता आहे! बायका आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. मायला ते ऐकून रडू यायचं. चर्चमध्ये एका बाजूला बाया आणि एका बाजूला पुरुष. माय कठड्याशी जाताना मुद्दाम बायांच्या रांगेतली शेवटची जागा धरायची, जिथून पुरुषांची रांग सुरू होते ती. तिच्या शेजारी कधी शिपाई असायचा, कधी कोणाचा तरी खानसामा. ज्याच्यासाठी ती जागा धरायची तो मागं बसलेला. एकदा घरी आल्यावर ती त्यांना म्हणाली, "माह्यी येकच इच्छा आहे. मराच्या आधी येकदा तरी भूक लागल्यावानी घ्या त्याले. भेवानं नका घेऊ." बाबा भिंग पुसत बसले.

मला त्या वेळी या गोष्टीचं गांभीर्य कळत नव्हतं. ते कळलं माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी.

सात-आठ वर्षांची असेन. मायनं चर्चमधून मिळालेल्या जुन्या पडद्याचा पांढरा झगा शिवला होता, डोक्यावर जाळीचं ओढणं. आठवडाभर मी झोपेतसुद्धा हात जोडून चालत होते म्हणे. त्या दिवशी पहाटे बाबा कंदील घेऊन मोरीपाशी उभे. मी राखुंडीनं दात घासले, चूळ भरली, थुंकले.

"गिळलं काय?" बाबांनी विचारलं.

आता तुम्हीच सांगा, चूळ भरल्यावर घशात काय गेलं नि काय नाही हे पोरीला कसं कळावं? मी म्हटलं, "मले माहीत नाही."

झालं. ज्या माणसाला शंकेची एवढी धास्ती, त्याच्यासमोर मी 'माहीत नाही' म्हटलं! बाबांनी कंदील खाली ठेवला आणि हलक्या हातानं माझ्या डोक्यावरचं ओढणं काढलं. रागावले नाहीत, हेच तर वाईट. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "पुढच्या रविवारी, बेटा," म्हणाले. माय घरातून धावत आली. तिनं त्यांना काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण बाबा ढिम्म. चर्चमध्ये सगळ्या पोरी दोघी-दोघी करून पुढं गेल्या. माझी जोडीदारीण एकटी चालत होती आणि मागं वळून वळून मला शोधत होती. मी पांढरा झगा घालून शेवटच्या बाकावर बाबांच्या शेजारी बसले होते, चोरी करताना पकडल्यासारखी.

मिस्सा झाल्यावर पाद्री लगबगीनं आमच्याकडं आले. फ्रेंच होते ते, पांढऱ्या दाढीचे, मराठी अगदी पुस्तकातलं बोलायचे. बाबांनी कारण सांगितलं तसे ते हसायलाच लागले. म्हणाले, "चुळीचा थेंब लाळेबरोबर गेला तर उपवास मोडत नाही. पावसाचा थेंब गेला, माशी गेली, धूळ गेली, तरी मोडत नाही. धर्मशास्त्रात हे स्पष्ट लिहिलेले आहे."

बाबांनी हात जोडले. "फादर, तुमचं मन मोठं आहे. पण शंका तर आली ना."

पाद्रीबाबांचं हसू मावळलं. मग माझ्या गालाला हात लावून निघून गेले.

पुढच्या रविवारी मला कम्युनियन मिळाली. पण काय झालं सांगू? जिभेवर प्रभू आला तेव्हा मला प्रभू आठवलाच नाही. माझं सगळं लक्ष घशाकडं. चूळ नीट थुंकली का, दातावर जीभ लागली का, एवढंच. देह देवळात, चित्त खेटरात म्हणतात ना, तसं माझं चित्त त्या मोरीत. नंतर कित्येक वर्षं तसंच चाललं. देव म्हणजे कंदील घेऊन मोरीपाशी उभा असलेला कोणीतरी, असंच मला वाटायचं. बाबांना मी बाकी सगळं माफ केलं, पण हे माफ करायला मला फार वेळ लागला.

आमच्या शेजारी एक देशस्थ काकू राहायच्या. त्यांचे स्वतःचे उपास इतके की आठवड्यात जेवायचा दिवस शोधावा लागे. निर्जळी एकादशी, हरतालिका, काय नि काय. त्यांना बाबांबद्दल मोठा आदर. पण त्याही एकदा मायला म्हणाल्या, "अगं, आमच्यात कडक आहे ते आहेच. पण आजारी माणसाला, पोटुशीला आमचा देव सूट देतो. तुमच्या ह्यांचा देव सूट देत नाही का?"

माय म्हणाली, "देव देते हो काकू. हेच घेत नाहीत."

बाबांचं वय वाढलं तसा त्यांचा कडकपणाही वाढला. पहिल्यांदा तो घरापुरता होता, मग बाहेर पडला. खोकला आला म्हणून ज्येष्ठमध चघळलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी कठड्यापर्यंत जाऊ दिलं नाही. दाराशीच गाठून सांगितलं, तुम्ही आज जाऊ नका. तो बिचारा परत फिरला. एका बाळंतिणीला त्यांनी विचारलं, सकाळी पेज घेतली काय? ती पुन्हा बरेच महिने आलीच नाही. पाद्रीबाबांनी त्यांना बोलावून बजावलं. बाबांनी मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन म्हणाले, पाद्री लोकंही आता ढिले पडून राहिले. नाकापेक्षा मोती जड झाला होता. मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटायची, तर ते हे सगळं प्रेमानं करत होते याची. देवाचा अपमान होऊ नये म्हणून ते लोकांना देवापासून लांब ठेवत होते. सगळ्यांत लांब स्वतःला.

माझं लग्न झालं, मी कामठीला गेले. मग एका उन्हाळ्यात मायचा निरोप आला, ये.

बाबा खाटेला खिळले होते. छातीत जोर राहिला नव्हता, त्यात उन्हाची लू लागली. धंतोलीत राहणारे एक डॉक्टर सायकलवरून येऊन बघून जायचे. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता औषधाचं काम उरलं नाही. घोट घोट पाणी देत राहा, तेवढाच आराम. माय खाटेच्या उशाशी गडवा नि चमचा घेऊन बसलेली. बाबा प्यायचेसुद्धा. शुक्रवारी दुपारपर्यंत प्यायले.

शुक्रवारी संध्याकाळी मी निरोप आणला की पाद्रीबाबा उद्या मिस्सा आटोपून येणार, शेवटचे संस्कार द्यायला, कम्युनियन घेऊन. मायचा चेहरा उजळला. बाबांनाही बरं वाटलं, डोळे मिटून त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. आणि मग मायनं चमचा पुढं केला तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"अवो, थोडंसं."

त्यांनी मान हलवली. फादर उद्या येणार म्हणजे उपास आजपासून. आम्ही दोघींनी विनवण्या केल्या. मी सांगितलं की मरणाच्या दारातल्या माणसाला उपास नसतो, सगळ्यांना ठाऊक आहे. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी मोरीपाशी उभी असलेली ती पोरगीच आहे आणि मला काही माहीत नाही.

सकाळी उठून बघितलं तर त्यांचे ओठ फाटले होते. फटींतून रक्त आलं होतं. जीभ जाड झालेली, श्वास घेताना घरघर. रस्त्यावर उन्हाच्या झळा सुरू झाल्या होत्या. बाबांना मध्येच डोळा लागला. मायला ते बघवेना. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि हळूच त्यांच्या ओठांवरून फिरवलं. एकदाच. बाबांनी झोपेत ओठ चाटले. लहान मूल चाटतं तसे. आणि दचकून जागे झाले.

त्या वेळचा त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. राग नव्हता त्यात. सगळं संपल्यासारखा चेहरा होता.

पाद्रीबाबा आले. आता ते खूप थकले होते, दाढी सगळी पिंजारलेली, छत्री टेकत आले. गळ्यात छोट्या डबीत पवित्र भाकर. आम्ही मेणबत्ती लावली, स्टुलावर पांढरं कापड अंथरलं. पापनिवेदनासाठी त्यांनी आम्हांला बाहेर जायला सांगितलं. आम्ही ओसरीत उभ्या राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी दार उघडलं. डबी तशीच गळ्यात.

"पापक्षमा मी दिली," ते म्हणाले. "परंतु ते कम्युनियन घेत नाहीत. म्हणतात, मी पाणी प्यायलो. मी सांगितले की तुम्हाला उपवासाचे बंधनच नाही. तीन वेळा सांगितले. ते म्हणतात, शंका आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर कमी छळ झाला होता का, की आता मरतानाही तेच? ज्याच्यासाठी हा माणूस तहानेनं तडफडला, तो दारात येऊन उभा आहे आणि हा त्याला परत पाठवतोय! मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी ओरडायच्या आधी माय आत गेली होती.

ती खाटेशी जाऊन उभी राहिली. नवऱ्याशी वरच्या आवाजात बोलायची तिला सवय होती, पण या वेळी तिचा आवाज हळू होता.

"आयका माह्यं," ती म्हणाली. "मी शिकलेली नाही. पण दर गुड फ्रायडेले उभी राहून आयकते. क्रुसावर टांगलं होतं त्याले, तवा काय म्हटलं त्यानं? मले तहान लागली, म्हटलं. साऱ्या लोकांदेखत म्हटलं. देवाचा लेक असून पाणी मागाले लाजला नाही तो. अन् तुमी त्याच्याहून मोठे झाले काय?"

बाबांनी मान तिच्याकडं वळवली.

"त्याले कोणी पाणी दिलं नाही," माय म्हणाली. "आंबट सिरका देल्ला मेल्यांनी. म्या तुमाले पाणी देल्लं. त्यात कायचं पाप हो? सांगा ना. कायचं पाप?"

आणि ती रडायला लागली. खाटेच्या कडेशी गुडघे टेकून, त्यांच्या हातावर डोकं ठेवून, मोठ्यानं. मी तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. पाद्रीबाबा दारातच उभे.

बाबांनी दुसरा हात उचलला. उचलवत नव्हता, तरी उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. मग पाद्रीबाबांकडं बघून तोंड उघडलं.

पाद्रीबाबा पुढं झाले, लॅटिनमधले शब्द म्हणाले आणि भाकर त्यांच्या जिभेवर ठेवली. बाबांनी तोंड मिटलं. गिळायचा प्रयत्न केला, पण गिळवेना. एवढ्या वेळाचा कोरडा घसा, त्यात थुंकीसुद्धा उरली नव्हती. भाकर टाळूला चिकटली. बाबांचे डोळे भीतीनं मोठे झाले. बोट घालून काढायची नाही, चावायची नाही, थुंकायची तर नाहीच नाही. जन्मभर ज्याची भीती बाळगली त्याच्याहून भयंकर प्रसंग हा.

"पाणी," पाद्रीबाबा मायला म्हणाले. "पाणी द्या त्यांना. असेच देतात."

मायनं गडवा घेतला. निम्मं पाणी उशीवर सांडलं. तिनं चमचा त्यांच्या ओठांना लावला, आणि बाबांनी ओठ उघडले. घशाची गाठ वरखाली झाली. पाणी आणि प्रभू एकाच घोटात आत गेले.

बाबांनी डोळे मिटले. खूप वेळ मिटूनच होते. आम्हांला वाटलं, गेले. मग हळूच म्हणाले, "अजून दे." मायनं दिलं. "अजून." ती देत राहिली, आणि ते भुकेलं मूल दूध पितं तसे पीत राहिले. माय अजून खाटेशी गुडघ्यांवरच होती, त्यांच्या शेजारी. ती ज्या जागेसाठी वर्षानुवर्षं रांगेत शेवटी उभी राहिली ती जागा तिला अशी मिळाली. पाद्रीबाबा जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेले. त्यांचेही डोळे भरले होते.

बाबा पुढच्या आठवड्यात गेले, शांतपणे. त्यांच्या मातीला गाव लोटला. कोणी त्यांच्या कडक उपासाची आठवण काढली, कोणी त्या शेवटच्या बाकाची. मी ऐकत होते. मला मात्र त्याच शनिवारची संध्याकाळ आठवत होती.

त्या संध्याकाळी त्यांना जरा हुशारी आली होती. मी चूल विझवून घरात आले. सवयीनं माझा हात खुंटीवरच्या फडक्याकडं गेला. या घरची इतक्या वर्षांची सवय, शनिवार म्हटलं की माठाचं तोंड बांधायचंच. मी बांधायला सुतळी उलगडत होते, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. आवाज कसला, नुसता वाराच.

"राहू दे, बेटा," बाबा म्हणाले. "रात्री कोणाले तहान लागली तर?"